येते म्हणायचं

१

मनोऱ्याच्या घरातून निघताना सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचं, उंबऱ्यावर थांबायचं, आत तोंड करून मोठ्यानं 'येते' म्हणायचं, आणि असं का, ते विचारायचं नाही.

हा नियम तिला सहाव्या वर्षी मिळाला. बाकी पोरींना त्या वयात बाहुल्या मिळतात.

तसं त्यात जगावेगळं काही नव्हतं. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे कुठल्याही पोराला बोलायला लागल्याबरोबर शिकवतात. फरक एवढाच, की इतर घरांत ते माणसांना म्हणायचं असतं आणि मनोऱ्याच्या घरात माणूस नव्हतं.

"मग सांगायचं कुणाला? भिंतींना?" तिनं एकदा आत्याला विचारलं होतं.

"भिंतींना सांग. पण सांग," आत्या म्हणाली. "आणि उलट प्रश्न नकोत हं."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा घरं विकून देत, आत्या त्यांचं ऑफिस सांभाळी. शिवाय तिला वाढवलं होतं तेही आत्यानंच, कारण आई तिच्या पहिल्या वाढदिवसाआधीच गेली होती. आणखी एक धाकटी आत्या होती. पोरीच्या तोंडाळपणावर खूश होऊन तिनं तिचं नाव 'ठिणगी' ठेवलं, तिच्या वेण्या घातल्या, आणि पोरगी सहा वर्षांची असताना लग्न करून फार लांब निघून गेली. पत्र नाही, फोन नाही. 'कधी येणार?' असं विचारलं की 'येईल हं' एवढंच उत्तर मिळे. हे 'हं' बाबांच्या घराण्यातलं होतं, वाक्याच्या शेपटीला गाठ मारल्यासारखं. ठिणगीनं मात्र हट्टानं ते उचललं नव्हतं.

मनोऱ्याचं घर गावाच्या चढावर शेवटी उभं होतं. व्हिक्टोरियन काळातलं, सव्वाशे वर्षांहून जुनं. लाल विटा, उतरतं छप्पर, दारावर रंगीत काचा, प्रत्येक खोलीत शेकोटीचा कोनाडा आणि कोपऱ्यावर तो मनोरा, टोपी घातलेल्या म्हाताऱ्यासारखा. ते विकायला निघालं तेव्हा ठिणगीचे दुधाचे दात पडत होते. आता अक्कलदाढ आली तरी दारावरची पाटी तशीच होती. दर आठवड्याला जाऊन खिडक्या उघडायच्या, धूळ झटकायची, खिडक्या लावायच्या. मनोऱ्यातल्या खोलीची खिडकी मात्र दर वेळी वीतभर उघडी सापडे. "कडी सैल आहे," बाबा म्हणत. घर दाखवणारा माणूस प्रत्येक गोष्टीला कारण तयार ठेवतो.

२

त्या वर्षी घराला गिऱ्हाईक मिळालं. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको. दोघांनी घर दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पडद्यांची मापं घेऊन गेली. खरेदीचा दिवस ठरला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ठिणगीला मोठ्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. ती घरांचे आराखडे काढायला शिकली होती, आणि शिक्षण संपल्यावर ही तिची तिसरी नोकरी होती.

पहिली सोडून आली, कारण चौथ्याच दिवशी ताप भरला. दुसऱ्या नोकरीत अकरा दिवस टिकली, झोपच लागेना. दोन्ही वेळा गावात बसमधून उतरली आणि पाय आपोआप चढाकडे वळले. मनोऱ्याच्या घराचं फाटक दिसलं आणि ताप उतरला, डोळे मिटायला लागले. "घरकोंबडी आहेस," आत्या हसून म्हणाली होती. ते तिला इतकं लागलं होतं, की या वेळी परतायचं नाही असं तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

मंगळवारी दुपारी आत्या आणि ती खिडक्या लावून निघाल्या. आत्या आधी बाहेर पडून फाटकापर्यंत गेली. ठिणगी उंबऱ्यावर थांबली, आत वळली, आणि सतरा वर्षं म्हणत आली तसं म्हणाली, "येते!"

"ये हं," कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. आत्या फाटकाजवळ पाठमोरी उभी राहून चपलेतला खडा काढत होती.

"काही म्हणालीस?"

"मी? नाही गं. कुलूप लाव."

तिनं कुलूप लावलं. उतरताना तिनं स्वतःला समजावलं, प्रतिध्वनी असणार. उंच जिना, मोकळं घर, उघड्या फरश्या. शास्त्र आहे ते. घरी पोचून हातपाय धुताना मात्र तिच्या लक्षात आलं, की प्रतिध्वनी शब्दाचं शेपूट परत देतो. 'येते'चा प्रतिध्वनी 'ते' यायला हवा. 'ये' कसा येईल? आणि 'हं' कुठून येईल?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गेली. अशा गोष्टी मोजून बघाव्यात, यावर तिचा विश्वास होता.

जिन्याखाली उभी राहून ती ओरडली, "दरवाजा!"

"...जा," घर म्हणालं.

तिला हसू आलं. "खिडकी!"

"...की."

म्हणजे प्रतिध्वनी होता, आणि शहाण्यासारखा वागत होता. आता तिनं शेवटचा शब्द उच्चारला.

"येते!"

"...ते," घर म्हणालं.

तिनं श्वास सोडला. आणि मग, एखादं माणूस हातातलं काम न थांबवता बोलतं त्या सुरात, वरून आलं, "ये हं."

ती हलली नाही. बाहेर फाटक करकरलं, तेव्हा तिच्या तोंडून किंकाळीच निघायची, पण ते सुतारकाका होते. जिन्याची सातवी पायरी बदलायला आले होते. ती पायरी कधीची मोडलेली होती, इतकी की घरात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या पायांना सहावीवरून थेट आठवीवर जायची सवय होती.

"ताई, तुम्ही कशाला घाम गाळताय एवढ्या सकाळी?" सुतारकाका म्हणाले. "चेहरा बघा, चुन्यासारखा झालाय."

"धूळ आहे," ती म्हणाली, आणि ते काम करेपर्यंत तिथंच बसून राहिली. कुणीतरी ठोकाठोक करत असलेल्या घरात बसायला काही वाटत नव्हतं. तासाभरात नवी पायरी बसली. काकांनी हत्यारं गोळा केली, दारात गेले आणि आत न बघता पुटपुटले, "जातो बरं का."

"काका! जातो काय म्हणता? येतो म्हणावं."

"बाहेर म्हणतोच की. इथं नाही." काकांनी पिशवी खांद्याला लावली. "इथलं येते म्हणायचं काम तुमच्याकडे आहे ना. तुमचे बाबासुद्धा इथं जातोच म्हणतात. तुमची आत्यासुद्धा."

ठिणगीनं आठवून पाहिलं. सतरा वर्षांत तिनं कधी कान दिला नव्हता. ती शेवटी निघायची, तोवर ते दोघं फाटकापाशी पोचलेले असायचे.

"आणि हे काम माझ्याकडे का आहे?"

काकांनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "म्हणजे, धाकट्या बाईंनंतर तुम्हालाच... तुम्हाला सांगितलंय ना त्यांनी?" मग तिचा चेहरा बघून त्यांनी पायात चपला सरकवल्या. "मला दोन ठिकाणी जायचंय. पायरी दोन दिवस ओली होऊ देऊ नका."

४

ती लगेच घरी जाऊन भांडली असती. भांडणाला ती कधी उशीर करत नसे. पण खरेदीच्या कागदांना जोडायच्या आराखड्यासाठी वरच्या खोल्यांची मापं राहिली होती, आणि घाबरून काम अर्धं टाकलं असं तिला स्वतःबद्दल म्हणायचं नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं. ती वर गेली.

तिच्याकडे लेझरचं मीटर होतं. फितीनं मापायला दोन माणसं लागतात. याला एक पुरतं. भिंतीला पाठ लावायची, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर आकड्यात येतं. दोन खोल्या झाल्या. तिसरी मनोऱ्यातली. गोल, रिकामी, एक खिडकी. काल स्वतःच्या हातानं लावलेली. आज वीतभर उघडी.

तिनं दाराच्या चौकटीला पाठ लावली, मीटर छातीशी धरलं आणि खिडकीखालच्या भिंतीवर नेम धरला. चार मीटर वीस.

खात्रीसाठी पुन्हा. चार वीस.

मीटर जरा उचलून खिडकीच्या चौकटीवर नेम धरला. तीन ऐंशी.

चौकट भिंतीच्या पुढे आलेली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण एवढी? तिनं पुन्हा बटण दाबलं. तीन ऐंशी. ठिपका मात्र चौकटीवर नव्हता. तो कुठंच दिसत नव्हता. चौकटीच्या अलीकडे, हवेत कुठंतरी तो अडत होता, आणि तिथं उन्हाशिवाय काही नव्हतं.

बॅटरी, ती म्हणाली. धूळ. काचेवरून परावर्तन. तिन्ही कारणं चांगली होती. तिनं पुन्हा दाबलं.

तीन पाच.

पुन्हा.

दोन चाळीस.

तिनं मीटर खाली घेतलं. तिला पुढचा आकडा नको होता. खोलीत कुणी नव्हतं. फक्त खिडकीच्या जुन्या, लाटा आलेल्या काचेत तिचं प्रतिबिंब होतं, आणि त्याच्या जरा पुढे, तिच्या दिशेनं आलेला एक हात. बांगडी नसलेला, तर्जनीवर शाईचा डाग असलेला. धाकटी आत्या ऑफिसात चिठ्ठ्या लिहायची. वेणी घालताना तो डाग ठिणगीच्या कानापाशी यायचा.

ती जिना उतरली तेव्हा तिचे पाय नव्या पायरीवर पडले की सातवी चुकवून गेले, हे तिला नंतर काही केल्या आठवेना.

५

ऑफिसात बाबा खरेदीचा मसुदा वाचत होते. आत्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होती. ठिणगी समोरच्या खुर्चीवर बसली नाही.

"बाबा, तुम्ही मसुद्यात 'रिकामा ताबा' असं लिहिलंय का?"

"हे काय विचारणं झालं? 'ताबा' लिहिलंय."

"रिकामा?"

बाबांनी चष्मा काढला. ती त्यांची वेळ काढायची रीत होती. ठिणगीनं कपाटातून जुन्या जाहिरातींचं बाड ओढलं. मनोऱ्याच्या घराच्या सगळ्या जाहिरातींत एकच ओळ होती: 'राहतं घर विकणे आहे'. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बंद घराला बाबांनी 'राहतं' म्हटलं नव्हतं. खोटं लिहायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. गिऱ्हाइकापुरता.

"धाकटी आत्या कुठं आहे?"

"लग्न करून..." बाबांनी सुरुवात केली.

"बाबा."

आत्याच्या हातातली किल्ली टेबलावर पडली. बोलली तीच.

"आम्ही तिघं घर दाखवायला गेलो होतो. निघताना वरची खिडकी उघडी दिसली. 'लावून आलेच हं' म्हणाली आणि आत गेली. आम्ही दारात थांबलो."

"किती वेळ?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मसुद्याकडे.

"गिऱ्हाईक खोळंबलं होतं," बाबा म्हणाले. "त्यांना दुसरं घर दाखवायचं होतं. वाटलं, ती येईल मागच्या दारानं. कुलूप लावलं. तासाभरानं परत आलो तर..." त्यांनी हात उघडून दाखवला. "कोपरा न् कोपरा शोधला गं. पोलीस झाले, सगळं झालं. घरात कुणी नव्हतं."

"पण?"

"पण कुलूप लावायला गेलं की आतून विचारायची," आत्या म्हणाली. "दर वेळी. 'येऊ का?' म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. ठिणगीला वाटलं, आपण टेबल उलथून टाकावं. तिनं फक्त त्याची कड धरली.

"एकदा मी म्हटलं, 'येते'," आत्या म्हणाली. "म्हणजे तू थांब, मीच येते, अशा अर्थानं. आणि ती गप्प झाली. पण नंतर महिनाभर माझे पाय सारखे चढाकडे ओढायचे. ताप. झोप नाही. मला ऑफिस होतं, ह्याला सांभाळायचं होतं, तुला वाढवायचं होतं..."

"म्हणून माझे पाय दिलेत."

"लहान होतीस तू. लहान मुलांना काही बाधत नाही असं वाटलं."

"सहा वर्षांची होते! तिची वाट बघत होते मी! आणि तुम्ही मला घरकोंबडी म्हणून हसलात." तिचा आवाज चिरकला, त्याचा तिला आणखी राग आला. "मी आजारी पडून आले तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्यास तू, आत्या. कारण माहीत असून."

"पट्ट्या मनापासून ठेवल्या गं," आत्या म्हणाली, आणि ते खरं होतं, म्हणूनच ते सगळ्यांत वाईट होतं.

६

खरेदीच्या दिवशी चार वाजता डॉक्टर किल्ल्या घ्यायला यायचे होते. साडेतीनला तिघंही दारात उभी होती. घर झाडून-पुसून लख्ख केलेलं. जिन्यावर रंगीत काचांचे तुकडे सांडल्यासारखं ऊन पडलं होतं.

"शेवटचं एकदा म्हण," बाबा म्हणाले. "नवी माणसं राहायला येतायत. त्यांच्या कानावर ते 'येऊ का' पडायला नको. नावाला बट्टा लागेल आपल्या."

"आणि मी नोकरीवर कशी जाऊ?"

"जाशील की. अधूनमधून येत जा. आम्ही कुठं अडवतोय?"

"दोन मिनिटांचं काम आहे ठिणगे," आत्या म्हणाली. "मोठ्यांचं ऐकावं एवढं. एक शब्द तर आहे."

"एकच आहे ना? मग तू म्हण."

आत्या मागे सरकली.

"बाबा, तुम्ही म्हणा. तुमची सख्खी बहीण आहे."

"माझं वय झालं आता," बाबा म्हणाले. त्यांनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "हे बघ, उगाच तमाशा नको. डॉक्टर येतील इतक्यात. गिऱ्हाईक खोळंबून..."

ते मध्येच थांबले. बोलून बसल्यावर त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं असावं.

ठिणगी उंबऱ्यावर गेली. आत तोंड केलं. पोटऱ्यांमध्ये ती जुनी ओढ होती, जिन्याकडे, वर. सतरा वर्षं ही ओढ तिनं घरची माया समजून जपली होती. तिला वरच्या बाईची भीती वाटत होती, नाही असं नाही. पण चीड तिची येत नव्हती. ती खिडकी लावायला गेली होती. परत बोलवायला कुणी थांबलं नव्हतं, आणि 'येऊ का' विचारलं तेव्हा 'ये' म्हणायलाही कुणी नव्हतं. उत्तर म्हणून एका पोरीला पुढे केलं होतं.

"मी येते म्हणणार नाही," ती म्हणाली. मागच्या दोघांना ऐकू जाईल असं, पण आत बघूनच. "यापुढे कधीच नाही. आत्या, मी जाते. ऐकलंस? जाते मी. हे दोघं मात्र दारात उभे आहेत. तू विचारायचीस ना, येऊ का म्हणून? ये. घरी ये तू."

"ठिणगे!" बाबा ओरडले.

"...ये तू," घर म्हणालं. प्रतिध्वनी. शहाण्यासारखा.

मग वर, मनोऱ्यात, खिडकीची कडी बसल्याचा आवाज झाला. घट्ट, पूर्ण, काम संपवल्यासारखा.

"आलेच हं," वरून आवाज आला.

पोटऱ्यांमधली ओढ सुटली, इतकी एकदम की ठिणगीला चौकट धरावी लागली. ती बाजूला झाली आणि दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडून दिल्या. जिन्यावर पावलं वाजायला लागली. उतरणारी, हलकी, घाईची. रंगीत ऊन एका पायरीवर विझायचं आणि मागच्या पायरीवर पुन्हा लागायचं. दहावी. नववी. आठवी. मग एक क्षण काहीच नाही, आणि पाऊल वाजलं ते सहावीवर. सातवी आता धड होती, हे येणारीला माहीत नव्हतं.

ठिणगीनं मागे वळून पाहिलं. बाबांनी किल्ल्या छातीशी धरल्या होत्या. आत्याचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून नेहमीचं ते 'हं'सुद्धा निघालं नाही.